भिंगात बघणारी मुलगी

आटीचा महिना होता, तुळू पंचांगातला भर पावसाचा. कारकळच्या बाजूला आटीत लग्न-मुंज काही करत नाहीत. पाऊस थांबायचं नाव घेत नाही, आणि घरात बसून फणसाच्या आठळ्या भाजण्याखेरीज माणसाला दुसरा उद्योग नसतो. अशा दिवसांत फोटो काढायला कोण येणार? जयकरने आपला स्टुडिओ बंद करायला म्हणूनच हा महिना निवडला. खरं सांगायचं तर आता बाराही महिने कोणी येत नव्हतं. ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा झाला होता.

दिवे मूडबिद्रीच्या एकाने नेले. पडद्यांपैकी ताजमहालाचा पडदा शाळेच्या नाटकाला गेला. एक कॅमेरा त्याने सवयीखातर ठेवून घेतला, आणि उरला तो कॉम्प्युटर. मोठ्या पडद्याचा, दणकट, त्याने जिवापाड जपलेला. तो कुणाला द्यायचा याचा विचार करायची गरजच नव्हती. जयकरने लग्न केलं नव्हतं, आणि केलं असतं तरी त्या मुलखात मामाच्या वस्तूवर पहिला हक्क बहिणीच्या लेकरांचा. धाकटी बहीण वारिजा, तिची एकुलती एक मुलगी निश्मिता. पोरीला मंगळूरच्या एका कचेरीत हिशेबाचं काम लागलं होतं, तेही घरी बसून करायचं.

सकाळीच तिचा फोन येऊन गेला होता.

"मामा, झाला का माझा कॉम्प्युटर?"

"अगं, राहतं घर दुसऱ्याला द्यायचं तर झाडून-पुसून नको का द्यायला? दम धर जरा."

"मी काय दुसरी आहे?"

"आणि हे बघ, हातात आला की तो शंभर प्रश्न विचारेल. वाचून उत्तर द्यायचं."

"कोण वाचत बसतं मामा? सगळे 'होय'च दाबतात."

"उद्या विचारेल, मामाचं घरदार नावावर करून घेऊ का? तेव्हाही दाब 'होय'."

"दाबीन की! तुमच्या घरात आहे तरी काय?"

जयकर हसला. या पोरीवर त्याचा भारी जीव होता. आणि तिच्याच काळजीने गेलं वर्षभर त्याला धड झोप नव्हती. निश्मिताचं लग्न दोनदा ठरून मोडलं होतं. पहिला नवरा मुलगा साखरपुड्याच्या आदल्या दिवशी न्हाणीघरात घसरून कंबर मोडून बसला. दुसऱ्याने कारणही सांगितलं नाही. 'मन होत नाही' एवढंच कळवलं. आता मंगळूरचं तिसरं स्थळ आलं होतं आणि त्यांच्याकडून उत्तर येत नव्हतं. वारिजाचं तोंड दिवसेंदिवस लहान होत चाललं होतं.

दुपारी जेवून तो स्टुडिओत येऊन बसला. मशीन पुसण्याआधी घरचे फोटो वेगळे काढायचे होते. लोकांची लग्नं, लोकांच्या मुंजी ठेवून काय करायचं? कॉम्प्युटरमध्ये चेहरे ओळखून फोटोंचे कप्पे लावणारी सोय होती. ती त्याने कधी वापरली नव्हती. आज म्हटलं, बघू तरी.

सोय बरी निघाली. तिने पटापट कप्पे लावले. मध्येच एका जत्रेतल्या फोटोत सावकाराला आणि त्याच्या शर्यतीच्या रेड्याला एकाच कप्प्यात घातलं, तेव्हा जयकर एकटाच मोठ्याने हसला. रिकाम्या स्टुडिओत ते हसू जरा जास्तच घुमलं.

बाहेर अंधारून आलं होतं. मागच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणं बंद होऊन जमाना लोटला होता, तरी पावसाळ्यात तिथल्या भिंतींना त्या औषधांचा आंबूस वास सुटायचा. आज तो जास्तच येत होता. वीज गेली. टेबलाखालची बॅटरी एकदा 'टूंऽ' करून चालू झाली, आणि सगळ्या खोलीत पडद्याचा तेवढा उजेड राहिला.

निश्मिताचा कप्पा भला मोठा होता. बारसं, कान टोचणं, शाळेतला नाच, घरचा दिवाळीचा दिवा. मामाच फोटोवाला, मग काय! पण पोरगी एक नंबरची खोडकर. जन्मात कधी कॅमेऱ्याकडे बघितलं असेल तर शपथ. 'इकडे बघ गं' म्हटलं की हटकून ती कावळ्याकडे बघायची, नाहीतर आईच्या पदराकडे. ही तिची जुनी ओळखच होती. घरात त्यावरून तिला अजून चिडवत.

मशीनने प्रश्न विचारला. दोन चेहरे शेजारी शेजारी लावून खाली लिहिलं होतं, 'ही एकच व्यक्ती आहे का?'

दोन्ही निश्मिताच. जयकरने 'होय' दाबलं. पुन्हा तोच प्रश्न, दुसरे दोन चेहरे. 'होय.' पुन्हा प्रश्न. जयकर वैतागला. एवढंसं कळत नाही या यंत्राला? आणि मग त्याचं लक्ष गेलं, की उजवीकडचा चेहरा दर वेळी थेट भिंगात बघतोय.

त्याने चष्मा पुसला आणि तो फोटो पुरा उघडला. निश्मिताचा पाचवा वाढदिवस. केकपुढे निश्मिता, नजर भलतीकडे. तिच्यामागे बायकांची दाटी, आणि दोन साड्यांच्या मधून डोकावणारा एक चेहरा. तोच चेहरा, त्याच वयाचा.

आरसा असेल, तो मनाशी म्हणाला. वारिजाच्या पुढच्या खोलीत आरसा नव्हता, हे त्याला ठाऊक होतं.

दुसरा फोटो उघडला. शाळेतला नाच. रंगमंचावर निश्मिता, आणि बाजूच्या पडद्याच्या फटीत… तिसरा. रथोत्सवातली गर्दी. चौथा, गेल्या वर्षीचा, साखरपुड्याच्या तयारीचा. मागच्या दारात उभी असलेली तरुण मुलगी, अंगावर मळकट पांढरं काहीतरी गुंडाळलेलं. हात रिकामे. गळा रिकामा. सगळे हसतायत, कुणी कुणाशी बोलतंय, आणि ती एकटी समोर बघतेय.

इतकी वर्षं कसं दिसलं नाही? पण फोटोवाला ज्याचा फोटो काढतो त्याचंच तोंड बघतो. मागे कोण उभं आहे हे बघायला त्याला सवड कुठे असते?

जयकरने तो चेहरा मोठा केला. आणखी मोठा केला. केस मागे बांधलेले होते. डाव्या कानाची वरची कड आत दुमडलेली होती.

त्याचा हात तिथेच थांबला…

वारिजाला जुळ्या मुली झाल्या होत्या. ही गोष्ट घरात कुणी बोलत नसे. एक धडधाकट रडली, ती निश्मिता. दुसरी मुठीएवढी. ती संध्याकाळपर्यंत राहिली आणि गेली. वारिजा तापात बेशुद्ध होती, तिने त्या पोरीचं तोंडही पाहिलं नाही. नवरा मस्कतला. पुरायला नेलं ते मामाने, पांढऱ्या पंचात गुंडाळून. घराच्या हद्दीवरच्या फणसाखाली ठेवताना त्याला दिसलं, तिचा डावा कान वरून दुमडलाय. दबला असेल म्हणून त्याने बोटाने हलकेच सरळ केला. सोडल्यावर तो पुन्हा दुमडला. का कोण जाणे, त्याने तसं परत परत केलं होतं. जगात तो कान माहीत असलेला माणूस एकच होता.

त्याला भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त त्याला रडू आलं. ती भिंगात बघत नव्हती. भिंगामागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघत होती. दुसरं कुणी तिच्या ओळखीचं होतंच कुठे?

जिन्यावर पावलं वाजली. ओली छत्री टेकवून वारिजा आत आली. हातात अळूच्या पानांच्या पत्रोड्यांचा डबा.

"अण्णा, अंधारात काय बसलायस? दुपारपासून पोटात काही आहे का?" बोलता बोलता ती पडद्याजवळ आली. "हा कधीचा निश्मीचा? असले मळके कपडे कुणी घातले तिला?"

जयकरने खुर्ची सरकवून तिला जागा करून दिली.

"आणि कॅमेऱ्याकडे बघतेय चक्क! सूर्य कुठे उगवला होता त्या दिवशी?" ती हसली. मग हसू हळूहळू ओसरलं. ती वाकून बघत राहिली. बाहेर पत्र्यावर पाऊस कोसळत होता.

"अण्णा…"

"हं."

"ही निश्मी नाही."

"नाही."

वारिजा खाली स्टुलावर बसली. जयकरने बाकीचे फोटोही तिला एकेक करून दाखवले. मग म्हणाली, "कान असा होता का रे तिचा?"

"हो."

"तू कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस, बाई."

तिने बोट पुढे करून पडद्यावरच्या गालाला लावलं. "माझ्याकडे का बघत नाही ती? एका तरी फोटोत?"

"तिने तुला पाहिलंच नव्हतं ना… मला पाहिलं होतं. थोडा वेळ."

वारिजा ओक्साबोक्शी रडली. जयकरने तिला रडू दिलं. तिथल्या माणसांना मेलेलं मूल वाढतं हे काही नवीन नव्हतं. आटीत घरोघरी आतल्या खोलीत मेलेल्यांसाठी जेवणाची पानं वाढतात, एकेकाचं नाव घेऊन, आणि दार लोटून घेतात. लहानपणी गेलेली मुलं वयात आली की त्यांना जोडीदार शोधून त्यांची लग्नंही लावतात, जिवंतांची लागत नाहीत त्या याच महिन्यात. मोठ्या बहिणीचं राहिलं म्हणून धाकटीचं अडतं, तसं तिकडच्यांचं राहिलं म्हणून इकडच्यांचं अडतं. पण हिचं नाव ठेवलेलं नव्हतं. नाव नाही, म्हणून पान नाही. पान नाही, म्हणून ती आहे हेच कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

वारिजाने पदराने तोंड पुसलं तेव्हा ती नेहमीची वारिजा झाली होती. "हातात एक काकण नाही पोरीच्या. मुलगा बघायला हवा. याच आटीत."

"आणि हे फोटो?"

"पुसून टाक."

"एखादा ठेवू? तुझ्यापुरता?"

"नको. नांदायला जायची आहे ती. आपणच फोटो धरून बसलो तर जाईल कशी?" दाराशी ती थांबली. "निश्मीला यातलं अवाक्षर नाही. मशीन अगदी नवं करून दे तिला."

त्या संध्याकाळी जयकरने कॉम्प्युटर पुसला. पुसण्याआधी मशीन तोच प्रश्न धरून बसलं होतं, ही एकच व्यक्ती आहे का? त्याने 'नाही' दाबलं. मशीनने मुकाट्याने दोघींना वेगळं केलं. मग त्याने सगळं कोरं केलं, निश्मिताच्या नावाने नवं खातं उघडलं, तिचे एकटीचे निवडक फोटो भरले. शेवटी मामाची माया म्हणून एक सोय जास्तीची करून ठेवली: त्याच्या कॅमेऱ्याने वारिजाच्या घरात काढलेला फोटो तारेशिवाय तिच्या कॉम्प्युटरवर आपोआप यावा. भाचीला फोटो मागावे लागू नयेत, एवढाच हेतू.

मुलगा अजेकारचा मिळाला. चार वर्षांचा असताना विहिरीत गेलेला. राहिला असता तर पंचविशीचा. वेगळं कूळ, आपलीच जात, घराणं चांगलं. जुळवणारा तिम्मप्पा दोन्हीकडे चहा पीत फिरला.

"मुलगा एकदम निर्व्यसनी," तो वारिजाला म्हणाला. "आवाज चढवून बोलणार नाही. आणि नोकरीसाठी तुमच्या मुलीला आखातात नेणार नाही, याची हमी माझी."

"थट्टा पुरे, तिम्मप्पा," वारिजा म्हणाली, पण तिलाही हसू आलं. "सासू कशी आहे?"

"सासू रडून रडून मऊ झालेली आहे. चांगलीच असणार."

मुलीचं नाव ठेवलं चंद्रावती. नाव ठेवल्याच्या दिवशी आतल्या खोलीत तिचं पहिलं पान वाढलं. वारिजाने स्वतः वाढलं, आणि दार लोटून बाहेर बसली.

लग्न वारिजाच्याच ओसरीवर झालं. दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर धोतर-सदरा, दुसरीवर हिरवी साडी, काकणं, आणि पाठीला मोगऱ्याचे गजरे. डोक्याच्या जागी काहीच नव्हतं. अजेकारची माणसं आली, मुलाची आई खुर्चीवरच्या सदऱ्याच्या बाह्या सारख्या करत राहिली. देणंघेणं, मानपान, रुसवेफुगवे, सगळं खऱ्या लग्नासारखं. नियम एकच: लहान मुलांनी आणि बिनलग्नाच्यांनी हे लग्न बघायचं नाही. बघितलं तर तिकडची ओढ लागते, म्हणतात. जयकर बिनलग्नाचा, पण साठीला टेकलेला आणि मुलीचा मामा. मामाशिवाय लग्न लागणार कसं? म्हणून त्याला सूट. निश्मिताला मात्र मागच्या खोलीत बसवून दार ओढून घेतलं होतं. तिला आता सांगावंच लागलं होतं, की तुला एक बहीण होती. पोरगी म्हणाली, बरं झालं, मला वाटायचंच. काय वाटायचं, ते कुणी विचारलं नाही.

जयकरने फोटो काढले. अक्षता पडताना, हार घालताना. वारिजाने हिरव्या साडीवरून हात फिरवला, तेव्हाचा एक. पाऊस त्या घटकेपुरता उघडला होता. सगळं सुरळीत झालं.

जेवणावळ बसत होती तेवढ्यात वारिजाचा फोन वाजला. मंगळूरच्या स्थळाचा होकार! वारिजा फोन हातात धरून अजेकारच्या विहिणीच्या गळ्यात पडली. "आली गं, माझी पोर वाटेला लागली," ती म्हणत होती. कोणती पोर, हे तिलाही सांगता आलं नसतं.

ही बातमी भाचीला आपणच द्यावी म्हणून जयकर धावत मागच्या खोलीत गेला.

निश्मिता कॉम्प्युटरपुढे बसली होती. पडद्यावर ओसरी होती. दोन खुर्च्या. अक्षता.

जयकर उंबऱ्यातच उभा राहिला. "हे… हे कुठून आलं?"

"तुम्हीच नाही का सोय करून दिली? एकेक फोटो येत होता. मी लग्न बघितलं, मामा. सगळं." तिचा आवाज शांत होता.

"बघायचं नसतं ना, बाळ…"

"दार लोटून बसले होते की. दाराबाहेर कुठे आले?"

त्याने पुढे होऊन बघितलं. हिरव्या साडीच्या खुर्चीवर, जिथे डोकं असायला हवं तिथे, मशीनने एक चौकोन आखला होता. चौकोनात काहीच नव्हतं. मागची भिंत होती. चौकोनाखाली नाव होतं, निश्मिता.

"हे कुणी लिहिलं?"

"ते विचारत होतं, ही तूच का? मी 'होय' दाबलं." तिने खांदे उडवले. "पुढच्या फोटोत परत विचारलं. परत दाबलं. सांगितलं ना तुम्हाला, कोण वाचतं!"

यंत्राला काय कळतं, तो स्वतःला सांगत होता. रेड्याला सावकार म्हणणारं यंत्र. त्याने ते पुसायला हात पुढे केला आणि खाली निश्मिताचा सकाळचा फोटो दिसला, त्यानेच काढलेला, ओटीचं ताट घेऊन उभी असलेली. तिच्या चेहऱ्याभोवतीही चौकोन होता. त्याखाली नाव नव्हतं. तिथे मशीन विचारत होतं, 'ही कोण?'

"अण्णा!" ओसरीवरून वारिजाची हाक आली. किती तरी वर्षांनी तिच्या आवाजात एवढा आनंद होता. "निश्मीला घेऊन ये रे बाहेर! खुर्च्या उचलल्या आता. सगळ्यांचा एक फोटो काढ!"

निश्मिता उठली. दोन्ही कान झाकतील एवढे गजरे तिने केसांत माळले होते. ते तिला कुणी दिले होते?

ओसरीवर सगळे दाटीवाटीने उभे राहिले. वारिजा मधोमध, शेजारी निश्मिता. जयकरने कॅमेरा डोळ्याला लावला. तिचं नेहमीसारखं इकडेतिकडे बघणं दिसावं, एवढंच तो देवाकडे मागत होता. झाडावर कावळा होता, आईचा पदर होता, बघायला किती तरी होतं.

"निश्मी, इकडे बघ गं," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

तिम्मप्पा विड्याचं तबक शोधत होता. विहीण डोळे पुसत होती. वारिजा हसून मुलीकडे बघत होती. आणि तिची मुलगी मान सरळ करून, पापणीही न हलवता, थेट भिंगात बघत होती…